कातळमाळची अर्धी भाकरी

कानिफनाथ धिंदळेला कुणी विचारलं, काय करतोस, तर तो आधी कंबरेवर हात ठेवायचा आणि मग म्हणायचा, "जीप चालवतो." हे निम्मंच खरं. राजूर ते घाटघर वडापची जीप त्यानं उभी हयात चालवली, त्या खड्ड्यांनी त्याची कंबर खाल्ली, इथवर ठीक. पण गेली दोन वर्षं तो जो उद्योग करत होता त्याला आपल्याकडे एकच नाव आहे, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं. बायको तर हे तोंडावर म्हणायची. तो हो म्हणायचा आणि पुन्हा जीपची किल्ली उचलायचा.

भंडारदऱ्याला पावसाळा सरता सरता पुण्या-नाशिकची माणसं लोटतात. धरणाच्या भिंतीपाशी फोटो काढतात, सोनकीच्या पिवळ्या फुलांत बसतात आणि दुपारी हॉटेलात जाऊन पनीर मागवतात. कानिफनाथला हे कधी पचलं नाही. डोंगर चढून यायचं ते पनीर खायला? अरे, खालच्या शेंडी गावापासून वरच्या कड्यापर्यंत घराघरांत काय काय शिजतं! कुठे हुलग्याचं शेंगोळं, कुठे खेकड्याचं कालवण, कुठे वरईचा भात. मग त्याच्या डोक्यात भुंगा शिरला. धरणाच्या कडेनं वर जाणारा रस्ता धरायचा, त्या रस्त्यावरच्या सहा वाड्यांतली सहा घरं निवडायची, प्रत्येक घरी एकच पदार्थ खायचा आणि मधल्या वाटेत डोंगर बघायचे. सकाळी निघालेला पाहुणा संध्याकाळी सहाव्या घरी पोचेल तेव्हा त्यानं अख्खा डोंगर खाल्लेला असेल.

बोलायला सोपं. करताना त्याच्या नाकी नऊ आले. पहिल्याच घरी म्हातारीनं झाडलं, "पावन्याला भाकर इकायची? लाज हाय का न्हाई तुला?" दुसरीकडे संडास नव्हता, तिसरीकडे होता तर त्यात पाणी नव्हतं. एका कचेरीतला साहेब "फार छान कल्पना" म्हणाला आणि त्याची बदली झाली. पुढच्या साहेबाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं, तोही "फार छान" म्हणाला. कानिफनाथला त्या छानचीच धास्ती बसली. शेवटी कोपरगावची मोनिका भेटली. ही मुलगी एकदा त्याच्या जीपमधून फिरून गेली होती, सहली काढण्याचंच काम करायची. म्हणाली, "काका, माणसं जमवायचं माझ्यावर सोडा, मी मोबाईलवरून करते. तुम्ही घरं सांभाळा." घरं सांभाळणं म्हणजे काय, ते त्या पोरीला कोपरगावात बसून कळायचं नव्हतं.

एवढा आटापिटा कशासाठी? लोक म्हणायचे, गावासाठी. कानिफनाथ मान डोलवायचा, पण ते खरं नव्हतं. तो हे करत होता अक्कासाठी.

बनुबाई ही त्याची थोरली बहीण. रस्ता जिथं संपतो आणि खाली एकदम कोकण दिसतं, तिथं कातळमाळ नावाची वाडी आहे. त्या वाडीतल्या बऱ्याच घरांना आता कुलपं लागलीत. अक्का तिथं एकटी राहायची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. मुलगा सुनील सोनईला खताच्या दुकानात कामाला होता आणि त्यानं तिकडेच घर केलं होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी झऱ्यावरून येताना अक्का शेवाळावरून घसरली आणि भर पावसात तशीच पडून राहिली. गुरं वळायला आलेल्या एकाला दिसली म्हणून वाचली. सुनील धावत आला. "आये, आता बास. सोनईला चल." अक्का म्हणाली, "तितं माजं काय हाय?" त्यावरून मामा-भाच्याचं वाजलं आणि अखेर एक तडजोड निघाली. अक्काच्या दारात माणसांची जा-ये सुरू झाली तर ती कातळमाळला राहील. नाहीतर यंदाची दिवाळी झाली की सुनील टेम्पो घेऊन येईल.

म्हणून सहावं घर अक्काचं. नागलीची भाकरी, खुरासणीची म्हणजे कारळ्याची चटणी आणि भोकराचं लोणचं. ओट्यावर बसलं की समोर कडा. कानिफनाथच्या हिशेबानं पाहुणे दिवसभर खातपीत येतील आणि सूर्य मावळताना अक्काच्या ओट्यावर निवांत भाकरी खातील. हिशेबात चूक नव्हती, पण तो कागदावरचा हिशेब होता.

पहिली फेरी भादव्यातल्या एका रविवारी निघाली. पाहुणे पुण्याचे. पहिलं घर रेश्माचं, शेंडीच्या जवळ. रेश्मा नव्यानं लग्न होऊन आलेली, बोलायला चुणचुणीत, पण चुलीचा कारभार सासूकडे. सासूनं शेंगोळं वाढलं. ताटली रिकामी झाली तसं पुन्हा वाढलं. पाहुणे नको म्हणाले, तेव्हाही वाढलं. "आवडलं न्हाई जनू," असं वर म्हणाली, आणि एवढं ऐकल्यावर ताट सारून उठायची कोणाची छाती आहे?

आपल्याकडे पाहुण्याचं नको खरं धरायची रीतच नाही. एकदा नको म्हणाला तर तो लाजतोय, दुसऱ्यांदा म्हणाला तर रीत म्हणून म्हणतोय, आणि तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरला तर हाताच्या बाजूनं वाढायचं. दुसऱ्या थांब्यावर भिमाजीकडे खेकड्याचं कालवण होतं. भिमाजीच्या कारभारणीला कुणीतरी कळवलं होतं, की रेश्माच्या सासूनं दोनदोनदा वाढलं. मग ती काय कमी होती? तिसऱ्या घरी पाहुण्यांनी पट्टे सैल केले. चौथ्या घरी दोघं ओट्यावर जरा टेकले ते घोरायलाच लागले. पाचव्या घरी सगळ्यांनी हात जोडून नुसतं ताक मागितलं आणि म्हणाले, "दादा, आता परत फिरू या. पोटात तीळ ठेवायला जागा नाही."

कानिफनाथनं त्यांना मुक्कामाला सोडलं आणि जीप वळवून एकटाच वर गेला. दिवस कड्याखाली उतरत होता. अक्का नवं लुगडं नेसून दारात बसली होती. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवलेल्या, दुरडी चुलीच्या उबेला. जीप थांबली तशी ती उठली आणि गाडीच्या मागच्या दाराकडे बघत राहिली, आणखी कुणी उतरतंय का म्हणून.

"पावने?" तिनं विचारलं.

"दमले, अक्का. माघारी गेले."

"मंग तू बस. जेव."

आता त्याचीही पंचाईत. ड्रायव्हर असला म्हणून काय झालं, तोही पाच दारांत गेला होता आणि पाच घरांनी त्यालाही सोडलं नव्हतं. चार घास त्यानं कसेबसे पाण्याबरोबर उतरवले. अक्का बघत होती. दुसऱ्या दिवशी भाकऱ्या गाईला गेल्या.

दुसऱ्या फेरीआधी तो आठवडाभर दारोदार हिंडला. प्रत्येक चुलीपाशी बसून एकच पाढा, "वहिनी, जरा बेतानं वाढा. पुढं आनखी घरं हायेत." सगळ्या जणींनी माना डोलावल्या. रेश्माच्या सासूनं मान डोलावून पुढे सांगितलं, "बेतानंच वाढीन. पन माझ्या दारातनं मानूस अर्धपोटी उठवायचं मला सांगू नगंस. आमच्यात आजवर तसं झालं न्हाई." आणि रविवारी तिनं शेंगोळ्यावर वरून तूप सोडलं. अक्का दुसऱ्यांदा नवं लुगडं नेसून बसली. गाईची चंगळ झाली.

त्या आठवड्यात सुनीलचा फोन आला. "मामा, आईकडं कुनी आलतं का?"

"येतील रे."

"दिवाळी जवळ आली, मामा."

पोरगं वाकडं बोललं नाही, आईच्या काळजीनंच बोललं. उलट बोलला असता तर कानिफनाथला भांडता तरी आलं असतं. तो बांधाला जीप लावून तसाच बसून राहिला. दोन वर्षं त्यानं साहेबांशी, संडासाशी, पाण्याशी, गावाच्या कुजबुजीशी झुंज दिली होती, आणि आता हरत होता कुणापुढे, तर वाढणाऱ्या हातापुढे. त्या हातावर रागवायचं तरी कसं? त्याच हातांनी तो वाढला होता. त्याला झोप हवी होती, पण झोपून जाणारा तो शीण नव्हता.

मग त्यानं वाटच उलटी केली. पाहुण्यांना सकाळी सरळ वर न्यायचं, पहिली भाकरी अक्काकडे, आणि तिथून खाली उतरत उतरत रेश्माच्या घरी शेवट. साधी गोष्ट, आधी सुचायला हवी होती. तो हे सांगायला वर गेला तेव्हा अक्का खुरासणी भाजत होती. ऐकून तिनं उलथनं थांबवलं.

"म्हंजे आता रेश्माच्या सासूनं वाट बघायची?"

"ते बघू पुढचं पुढं."

"मी बघितलीय दोन रविवार. लई वंगाळ असतं रे ते. केलेलं अन्न आन् दारात कुनी न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा खुरासणी हलवू लागली. कानिफनाथला त्यात काही वेगळं ऐकू आलं नाही. थकलेला माणूस आपल्या कामापुरतंच ऐकतो.

तिसऱ्या फेरीला नाशिकची मंडळी होती. आधी येऊन गेलेल्यांनी त्यांना फुगवून सांगितलं होतं, उपाशीच जा, हात धुवायलासुद्धा उठू देत नाहीत. सकाळी धुकं निवळत असताना जीप कातळमाळला पोचली. चढानं इंजिन तापलं होतं, म्हणून कानिफनाथ पाणी ओतायला बाहेरच थांबला. बॉनेटच्या आडून त्याला ओटा दिसत होता. अक्कानं केळीच्या पानांचे तुकडे मांडले होते. भाकरी तव्यावरून उतरली, तिनं ती मधोमध मोडली आणि प्रत्येकाच्या पानावर अर्धी अर्धी ठेवली. शेजारी चिमूटभर चटणी आणि लोणच्याची एक फोड. पाहुण्यांनी ती दोन घासांत संपवली. एका उंच माणसानं पान जरासं पुढे सरकवलं आणि वाट बघितली. अक्का चुलीकडे तोंड करून बसली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. उंच माणसानं पान हळूच मागे घेतलं.

पाहुणे कड्याचे फोटो काढायला पांगले तेव्हा कानिफनाथ आत आला. अक्का पदरानं डोळे पुसत होती.

"धूर," ती म्हणाली. चुलीत लाकडं वाळकी होती आणि धूर कुठेच नव्हता.

"अक्का, हे काय केलंस? पीठ न्हाई का?"

"पीठ लई हाय. त्यांना खाली पाच जनींकडं जायचंय ना? जा घिऊन." मग जरा थांबून म्हणाली, "आयुष्यात कदी केलं न्हाई असं. दारातनं उपाशी उठवली मानसं."

आणि काय सांगावं, ती फेरी अशी झाली की कानिफनाथला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. पाहुणे प्रत्येक घरी भुकेनं उतरले. भिमाजीकडच्या खेकड्याच्या नांग्या चोखून चोखून पांढऱ्या केल्या. रस्ताभर गाणी झाली, धरणाच्या पाण्यात ढग बघितले, भाताच्या खाचरांतून चालले. शेवटी रेश्माकडे पोचले तेव्हाही पोटात जागा होती, आणि शेंगोळ्याच्या भांड्याचा तळ दिसला. रेश्माची सासू दारात उभी राहून कितीतरी वेळ रिकाम्या भांड्याकडे बघून हसत होती. कानिफनाथची कंबर त्या संध्याकाळी दुखली नाही. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं, आणि सांगता सांगताच झोपी गेला.

मोनिकाचा फोन सकाळी आला. आवाज खूश होता, पण पुरता नाही.

"काका, लोकांनी फार चांगलं लिहिलंय. पाच घरांचं. पण ते पहिलं घर…"

"काय झालं?"

"सगळ्यांनी तेच लिहिलंय. म्हातारीनं हात आखडता घेतला. मागितलं तरी वाढलं नाही, तोंड फिरवून बसली. एकानं लिहिलंय, गरिबी असेल तर समजू शकतो, पण मग यात घर ठेवता कशाला."

कानिफनाथच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिला सगळं सांगितलं, अक्कानं मुद्दाम अर्धी वाढली, खालच्यांसाठी वाढली. मोनिकानं ऐकून घेतलं. वाईट मुलगी नव्हती ती. "काका, मला पटतंय हो. पण नवीन येणारा हेच वाचणार ना? सगळं काम याच्यावर चालतं. या सीझनपुरतं ते घर काढू या. पाच घरं ठेवू. पुढं बघू."

एरवीचा कानिफनाथ भांडला असता. हाच माणूस दोन साहेबांच्या टेबलापुढे हटून बसला होता. पण त्या सकाळी त्याच्या अंगात भांडण उरलं नव्हतं. "मी सांगतो तिला," एवढंच तो म्हणाला.

वर जाताना त्यानं वाटेत तीनदा जीप थांबवली. अक्काला त्यानं काही लपवलं नाही, लपवता आलंही नसतं. तिनं हातातलं सूप खाली ठेवून ऐकलं आणि मान हलवली.

"बरूबर लिव्हलंय की. अर्धपोटी उठवलं मी. खोटं काय त्यात?"

"अगं, पन तू कुनासाठी…"

"त्यांना काय म्हाईत?" ती म्हणाली. "खालच्या समद्या जनींचं सरलं ना? रेश्माच्या घरचं?"

"सरलं. भांडं पुसून खाल्लं."

"मंग झालं," अक्का म्हणाली, आणि त्याच्यासाठी भाकरी थापायला बसली. त्याला तिनं पोटभर वाढलं. त्यानं एकदाही नको म्हटलं नाही.

दिवाळी झाली आणि ठरल्याप्रमाणे सुनील टेम्पो घेऊन आला. अक्कानं भांडण केलं नाही, रडली नाही. चूल सारवून घेतली, गाय शेजारच्या वाडीत देऊन टाकली, खुरासणीची एक पिशवी बरोबर घेतली. कुलूप लावताना किल्ली फिरेना, म्हणून कानिफनाथनं लावून दिलं. टेम्पो खाली उतरला तेव्हा तो जीप घेऊन मागोमाग निघाला होता, पण पहिल्या वळणावर त्याला टेम्पो दिसेनासा झाला, आणि त्यानंही गाडी दामटली नाही.

पुढच्या रविवारी फेरी होती. पाच घरांची, पुन्हा खालून सुरू. कानिफनाथला जायचं नव्हतं, पण माणसं आली होती आणि दुसरा ड्रायव्हर मिळाला नाही. रेश्माच्या दारात तो पाहुण्यांना सोडून ओट्याच्या कडेला टेकला. सासूचे गुडघे धरले होते म्हणून त्या दिवशी वाढायला रेश्मा होती. तिनं प्रत्येकाला एकेक पळी शेंगोळं वाढलं, पळी भांड्यात ठेवली आणि हसून म्हणाली, "पावनं, पुढं चार घरं हायेत बरं का! आमच्याकडं एवढंच मिळंल. पोटात जागा ठेवा, न्हाईतर पुढच्या काकू माझ्या नावानं शिमगा करतील."

पाहुणे खळखळून हसले. एकानं बोटं चाटत विचारलं, पुढच्या घरी काय आहे? खेकडे, रेश्मा म्हणाली, आणि सगळे आनंदानं उठले. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. आतून सासू तेवढी कुरकुरली.

कानिफनाथ ओट्यावरून उठला. पाहुणे हात धुवायला गेले तसं त्यानं विचारलं, "हे तुला कुनी शिकवलं?"

"बनुमावशीनं. टेम्पो थांबवून उतरल्या हुत्या आमच्या दारात. म्हनल्या, पोरी, कमी वाढ, पन सांगून वाढ. म्या न सांगता वाढलं, तितं चुकलं. पावन्याला पुरं करा म्हनायची माझी जीभ रेटली न्हाई."

एवढंच होतं ते. पुढं चार घरं हायेत. हे तो चुलीचुलीपाशी बसून बायकांना सांगत फिरला होता. जीपमध्ये त्याच्या मागे, हातभर अंतरावर बसलेल्या पाहुण्यांना मात्र त्यानं ते एकदाही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? खाणाऱ्याला आवरा म्हणायचं नसतं, हे त्याच्याही हाडात भिनलेलं होतं. अक्काच्या ओट्यावर तो उंच माणूस पान पुढे सरकवत होता तेव्हा कानिफनाथ दहा पावलांवर बॉनेटमध्ये डोकं घालून पाणी ओतत होता. बॉनेट बंद करून दोन शब्द बोलला असता तर आज कातळमाळच्या दाराला कुलूप नसतं. त्याला इतका शीण कधीच आला नव्हता.

त्यानं फेरी पुरी केली. पाचही घरी पाहुणे भुकेनं उतरले आणि समाधानानं उठले. परतताना धरणाच्या भिंतीपाशी रेंज असते, तिथं ते फोटो काढायला थांबले आणि कानिफनाथनं सोनईला फोन लावला.

"अक्का, जेवले गं सगळे. समद्या घरी."

"बरं झालं," पलीकडून अक्का म्हणाली. मागे कुठंतरी टीव्ही चालू होता.

"मी मोनिकाशी बोलतो. आता कसं करायचं ते कळलंय मला. येतीस का परत?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. "सुनीलला बरं वाटतंय मी हितं हाय तर. राहू दे आता. हितं समदं हाय रे. दारात नळ हाय, ग्यास हाय. सून बी गुनाची हाय, बळंबळं वाढती."

"मंग जेवतीस ना नीट?"

"बसते की पानावर," अक्का म्हणाली. "भूक तेवढी लागत न्हाई."